आईने पसंत केलेला बीच

परदेशातला बीच निवडायचं काम आईवर सोपवू नका, सांगून ठेवतो! आम्ही झाई गावचे, मासळीवाले. मी मोबाइलवर निळं पाणी, पांढरी वाळू दाखवतोय आणि आई म्हणते, “इथे मासळी वाळत घातलेली दिसत नाही. म्हणजे माणसं राहत नाहीत. पुढचा दाखव.”

शेवटी थायलंडचा एक पसंत पडला, कारण फोटोच्या कोपऱ्यात मासळी वाळत होती.

तिथे पहिल्याच सकाळी आई गायब! शोधतो तर किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या कोळणीशेजारी बसून सुकत घातलेले मासे उलटतेय. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण हसणं चालूच.

म्हटलं, “आई, सुट्टीवर आलोय ना आपण?”

हात न थांबवता म्हणाली, “देव हिचं भलं करो. हॉटेलात सगळे मला मॅडम म्हणतात रे. हिने सरकून जागा दिली.”