गाडीचे दोष

गाडी विकायचं मामाजींनीच, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच ठरवलं होतं. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते पटणार नाही. माझे यजमान गेल्यापासून त्यांची लांबच्या प्रवासाची भली मोठी मोटारसायकल एकोडीच्या घरी नुसतीच उभी होती. परवा वरठीहून एक तरुण ती पाहायला आला. बसून पाहिली आणि खूश झाला.

"काही तक्रार, काकाजी?"

"वजन लय आहे. चिखलात पडली तं चार माणसं लागते."

"चालते."

"मागची सीट मचाणावानी उंच. आमची बुढी एकडाव चढली, तं उतराले खाट आणा लागली."

"मी एकटाच फिरतो."

"अन् इंजिन तापते. रोवण्याच्या टायमाले धानाच्या रोपाचे परहे बांधून नेले, तं बांधीवर पोचेपर्यंत भाजी झाली त्याची."

तरुण हसला. "मले धान नाही रोवाचं काकाजी, गोव्याले जाचं आहे." आणि त्याने विसार द्यायला खिशात हात घातला.

मामाजींचे दोष संपले होते. ते माझ्याकडे पाहू लागले. मग तोही वळला.

"वहिनी, तुम्ही तं मागं बसल्या असान. खरंच एवढी तापते का?"

ऐन मे महिन्यात मी त्या गाडीवर ह्यांच्या मागे बसून नागपूरला गेले आहे, आणि परतताना जरा लांबच्या रस्त्याने चला म्हणाले आहे.

"भाऊ," मी म्हटलं, "मामाजी कमीच सांगून राहिले."