कंगव्यावर घेतलेला आळ

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या त्वचारोगाच्या डॉक्टरबाई, आणि एका शिंप्याच्या हाती माइक देण्याचं धाडस करणारे रुग्णालयाचे बंधुभगिनी,

मी मुळात संशयी माणूस. गिऱ्हाइकाने कंबर बत्तीस सांगितली, तरी टेप लावतोच. माझी लेक सात वर्षांची असताना तिच्या पाठी-पोटावर लाल ठिपके उठले, शर्टाच्या बटणाहून बारीक. शाळेने घरी पाठवलं. आता संशय कुणावर घ्यायचा? शेजारच्याच खोल्यांत राहणाऱ्या माझ्या पुतणीच्या डोक्यात जाड खपल्या होत्या. वहिनी त्याला कोंडा म्हणायच्या. दोघी मुलींचा कंगवा एकच. झालं! मी कंगवा फेकला आणि मधलं दार लावून घेतलं.

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लेकरांनी काय केलंय?"

मी वरची कडीही घातली.

लेकीला घेऊन बाईंकडे आलो, तर त्या आधी घसाच बघायला लागल्या! आजार कातडीला आणि बघतात घसा? हसताय काय, तुम्हालाही शंका आली असती.

"पंधरा दिवसांपूर्वी घसा दुखत होता?"

दुखत होता. मला वाटलं, या काहीतरी लपवतायत. त्यांनी पुतणीलाही आणायला लावलं. दोघींना तपासून म्हणाल्या, "दोघींना सोरायसिसच आहे. हिला घशाच्या संसर्गानंतर थेंबाथेंबांचा उठलाय, तिला जाड खपल्यांचा. तान्ह्या बाळांना लंगोटाच्या जागी होतो, तिथे तर खपली जवळजवळ नसतेच. रूपं निराळी. पण कंगव्याने हा पसरत नाही. घराण्यात मात्र असू शकतो."

"आमच्या घराण्यात? शक्यच नाही!"

"हात दाखवा."

माझ्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत. वीस वर्षं मी त्याचा दोष सुईला देत होतो.

"हे सुईचं काम नाही, हाही सोरायसिसच," बाई म्हणाल्या. "आणि यात दोष कुणाचाच नाही."

घरी येऊन दार उघडलं. वहिनी पुतणीच्या डोक्याला औषध लावत होत्या.

"वहिनी, चुकलो."

त्यांनी मान वर केली नाही. "मला नको, तिला सांगा."

त्या सहा वर्षांच्या पोरीपुढे मी उकिडवा बसलो. ती म्हणाली, "काका, मग आता मी ताईजवळ बसू?"

लेकीचे ठिपके तीन महिन्यांत गेले. पुतणीचं दुखणं येतं-जातं, पण कुणी लांब सरकलं की ती स्वतःच समजावून सांगते.

बाई, आमच्या घरचं ते दार तुमच्यामुळे उघडलं. तुमचे मनापासून आभार. बोलण्याची सवय नाही. शब्द कमीजास्त झाला असेल, तर सभेने उदार मनाने सांभाळून घ्यावं.