भंडारदऱ्याची बाजू कुठली?

जानेवारी १९९१. रियाधच्या सुपरमार्केटात बिलाची रांग हलत नव्हती. पुढचं जोडपं मराठी निघालं.

"अहो, कागदाच्या दोन्ही बाजूंना याद्या आहेत. यातली युद्धाची कुठली आणि मे महिन्यातल्या भंडारदऱ्याच्या सहलीची कुठली?"

"वाच की, कळेल."

"प्लास्टिकचा मोठा कागद."

"युद्धाची. विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना लावायचाय."

"तंबूखाली अंथरायचा, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"हो, तेही खरंच. पुढे वाच."

"टॉर्च, सेल, पाण्याचे कॅन, बिस्किटं."

"मग ही भंडारदऱ्याची. होडीत न्यायचं सामान."

"खिडक्या बंद करून बसल्यावर पोरांना तहानभूक लागणार नाही?"

"बरं, कागद उलट."

"उलटला. इथेही टॉर्च नि सेल. आणि ट्रान्झिस्टर."

"तो बातम्यांसाठी."

"आपली मिथिला त्यावर धरणाच्या काठी गाणी ऐकणार होती."

"अगं, ऑफिसात एकाच जेवणाच्या सुट्टीत दोन्ही लिहिल्या. आता माझंच डोकं चालत नाहीये. सगळं एकेक घे."

"आणि मे महिन्यात?"

"रजेचं विचारलं, तर आमचा कफील मालक इन्शाअल्ला म्हणाला."

"म्हणजे हो की नाही?"

"मला नाही कळलं."

"बरं, मासे धरायचे गळ याच बाजूला लिहिलेत. इथे मिळतील असं वाटत नाही. खोडू?"

"नको, नको! मग भंडारदऱ्याची बाजू ओळखायची कशी?"