बाळ गप्प होईल ते नाव

किसुमूच्या दवाखान्यातल्या रांगेत माझ्या पुढची तान्ही मुलगी दोन किंकाळ्यांमध्ये चार सेकंद श्वास घेई. तेवढ्यात तिची आजी एखाद्या दिवंगत थोर माणसाचं नाव घेई. ज्या नावाला बाळ गप्प होईल, ते त्याचं.

"न्यायाधीश ओगोला!"

"आई, आणखीच रडतेय," सून म्हणाली.

"मंत्री अपुंदा! तीनदा निवडून आले होते."

"हिचं मत नाही त्यांना."

"संसदेत चार तास बोलणारे रादिरो!"

"त्यांनी अख्खी संसद झोपवली. ही झोपत नाही."

"मग देशात उरलं तरी कोण?"

"तुमची सवत."

"दोर्सिला? चाळीस वर्षं माझ्या डोक्यावर बसली ती!"

"मंत्र्याच्या दारातही बसली, म्हणून हा दवाखाना झाला. आणि आई, ऐका. गप्प झाली."

"दमली असेल."

"दोन महिने बिननावाची आहे पोर. आज कार्डावर नाव हवंच."

"पुढे या," नर्स म्हणाली. "बाळाचं नाव?"

सुनेने सासूकडे पाहिलं. आजी बाळाकडे बघत राहिली.

"लिहा, दोर्सिला. पण मोठ्याने वाचू नका, बाई. ती तिकडे वर शेफारेल."