न वाळणारे मीठ

मी काशिनाथ गोमा भोईर, वय वर्षे एक्याऐंशी. जन्म ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागरवाल्यांच्या घरात; शाळा सातवीपर्यंत, पुढचे सारे शिक्षण डोंबिवलीच्या वाचनालयात. त्यामुळे मिठाविषयी आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असे.

गेल्या उन्हाळ्यात माझी नात रेवती, जी रसायनशास्त्रात संशोधन करते, प्रयोगशाळेतून एक कुपी घेऊन आली. आत तेलासारखा द्रव. म्हणाली, "आजोबा, हे मीठ आहे; खायचं नव्हे, प्रयोगशाळेतलं. यात पाण्याचा थेंबही नाही."

"पाण्यावाचून मीठ पातळ होत नाही, बाळ. त्याला पाणी सुटले आहे."

"मग वाळवून दाखवा ना!"

मी गच्चीवर उन्हात दोन बश्या ठेवल्या. एकीत मिठाचे पाणी, दुसरीत तिचा द्रव. संध्याकाळी पहिलीत पांढरे मीठ उरले होते. दुसरीतला द्रव होता तसाच.

आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, आता मीठसुद्धा तुमचं ऐकेना!"

मी रेवतीला विचारले, "याचा उपयोग काय?"

"यात वीज सोडून मी चांदीचे कण बनवते, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. एरवी ते एकमेकांना चिकटून बसतात. हे मीठ त्यांच्याभोवती उभं राहतं, जवळ येऊच देत नाही."

पिढ्यान् पिढ्या आम्ही मीठ राखले. या मुलीने मिठालाच राखणीला बसवले!

त्या दिवसापासून आमच्या घरात मिठाविषयी शेवटचा शब्द रेवतीचा असतो.