शेंडे मी खुडले होते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मिझोगुचिसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे तोगाशि गुरुजी, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या सुमिएकाकू, व्यासपीठावरचे संघाचे सन्माननीय पदाधिकारी, आणि ओमियाच्या बोन्साय बागांमधले माझे थोरले-धाकटे गुरुबंधू, आपणां सर्वांना इकुयोचा वाकून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्याकडे पाच मिनिटांत एक फांदीसुद्धा नीट बघून होत नाही, पण असो.

गुरुजी उद्यापासून कात्री खाली ठेवताहेत. पंचावन्न वर्षं झाली! त्यांच्या रागाचे किस्से आधीच्या वक्त्यांनी रंगवून सांगितलेच. तार वाकडी गुंडाळली म्हणून झारी फेकून मारली, असं कुसानोदादा हसत हसत म्हणाले. खरं आहे ते. पण एकदा त्यांनी रागवायला हवं होतं आणि ते रागावले नाहीत, ते सांगायला मी उभी आहे. गुरुजी, हातवारे करू नका. एकोणीस वर्षं तुमचं ऐकलं, आज नाही ऐकणार.

अध्यक्षमहाराज, मघाशी आपण जाहीर केलंत की आपल्या वडिलांचा तो जुना जुनिपर यापुढे माझ्या हाती सोपवणार. टाळ्याही पडल्या. पण झाड देण्याआधी आपल्याला एक गोष्ट कळली पाहिजे.

मी शिकायला आले त्याचं ते तिसरं वर्ष. मी मूळची शिकोकूची, घरात तीन पिढ्या काळ्या पाइनची लागवड. आमच्याकडे जूनमध्ये पाइनचे सगळे कोवळे कोंब खुडतात, आणि झाड इरेला पेटून दुप्पट फुटतं. हे काम मला लहानपणापासून येत होतं, आणि त्याचा माजही होता, खोटं कशाला बोलू? त्या जूनमध्ये गुरुजी भावाच्या अंत्यविधीला गावी निघाले. जाता जाता म्हणाले, "मिझोगुचींचा जुनिपर जरा आवरून ठेव." मी म्हटलं, "हो." किती आवरायचा, कसा आवरायचा, हे मी विचारलं का? आपल्यात विचारतात का कधी? शिष्यानं 'हो' म्हणायचं आणि बाकीचं डोळ्यांनी शिकायचं.

चार दिवस बसून मी शेंडा न् शेंडा खुडला, चिमटीत धरून, एकेक. झाड असं गुबगुबीत, नीटनेटकं दिसू लागलं की मी सुमिएकाकूंना हाक मारून दाखवलं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, किती गोजिरवाणं केलंस!" काकू, तुमचा यात काही दोष नाही.

गुरुजी परतले. झाडाभोवती दोनदा फिरले. मग एवढंच म्हणाले, "पाइनची ताकद मुळांत असते, इकुयो. जुनिपरची हिरव्यात. तू त्याच्या तोंडचा घास काढलास." आणि झाड स्वतः उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. आवाज जरासुद्धा चढला नाही. यापेक्षा झारी परवडली असती, असं मला वाटलं.

सप्टेंबरपर्यंत मऊ पानांच्या जागी काटेरी पानं आली. जुनिपरच्या जिवावर बेतलं की तो रोपाच्या वयातली पानं काढतो. डावीकडची खालची फांदी पिवळी पडली. आणि ऑक्टोबरात साहेब, आपण आलात. वडील अंथरुणाला खिळलेले. फेब्रुवारीच्या टोकियोच्या प्रदर्शनात आपलं झाड एकदा मांडलेलं बघायचं, एवढी एकच त्यांची इच्छा.

गुरुजी म्हणाले, "नाही. दोन वर्षं या झाडाला कोणी हात लावायचा नाही."

"वडिलांकडे दोन वर्षं आहेत कुठे, तोगाशि? थोडं छाटा, तार घाला, झालं!"

"केलं तर मरेल."

"का? उन्हाळ्यापर्यंत तर धडधाकट होतं!"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्या 'का'चं उत्तर माझ्या जिभेवर होतं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझ्या बागेत चूक झाली."

"चूक कसली, आडमुठेपणा आहे हा!" असं म्हणून आपण निघून गेलात. आमच्याकडे सांभाळायला ठेवलेली आपली बाकीची अकरा झाडं त्याच आठवड्यात गाडीत घालून नेलीत. या झाडाबद्दल म्हणालात, "मेलं की कळवा." मार्चमध्ये वडील गेले.

पुढची चार वर्षं आम्ही त्याला फक्त ऊन, पाणी आणि बेतानं खत दिलं. मोठ्या लाकडी खोक्यात मोकळं सोडलं. शेंडे वाटेल तसे सुटले. ते बघून माझे हात शिवशिवायचे, गुरुजी म्हणायचे, "हात मागे बांध." पाचव्या वर्षी कात्री दिली. फार पुढे गेलेला शेंडा तेवढा आतल्या फुटव्यापर्यंत कापायचा, दुबळ्याला शिवायचं नाही. झाड वाचलं. सहाव्या वर्षी आपण ते बघायला आलात, पुन्हा बोलू लागलात. पण तो 'आडमुठेपणा' आपण विसरला नाहीत. मघाशीसुद्धा हसत हसत टोमणा मारलातच, आणि गुरुजींनी मान खाली घातली.

सोळा वर्षं लोक त्यांना आडमुठा म्हणत आले आणि मी शेजारी बसून तार गुंडाळत राहिले. का बोलले नाही? भीती, दुसरं काय! आधी हाकलून देतील याची, नंतर मिळवलेलं नाव जाईल याची. लाज वाटते मला. आणि साहेब, त्या झाडावरची पांढरी, वाळलेली फांदी, जिला आपण आज 'वादळानं घडवलेली' म्हणालात, ती वादळानं मारलेली नाही. ती मी मारली.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी आभारी आहे. गुरुजींचे आभार मानायला मला तोंड नाही. शेवटी 'काही चुकलं असेल तर पोटात घाला' असं म्हणून खाली बसायची पद्धत आहे. मला 'असेल तर' म्हणता येत नाही. साहेब, आपले वडील ते झाड प्रदर्शनात मांडलेलं न बघता गेले, ते माझ्यामुळे. झाड कोणाला द्यायचं ते आपण पुन्हा ठरवा. पण आज इथून उठण्याआधी, एवढ्या लोकांसमोर, गुरुजींच्या कपाळावरचा तो 'आडमुठा' शब्द तेवढा पुसा.