काचाऱ्याची घाई

ज्याच्या नावानं तापलेलं मन निवतं, त्या सावळ्याच्या पायी माथा ठेवतो, आणि मंडळी, तुमच्यापुढं एक प्रश्न ठेवतो. सोपा आहे. घाबरू नका, मागच्या रांगेतले आजोबा तर आत्तापासूनच डोळे मिटून उत्तर शोधायला लागलेत!

प्रश्न असा — चूक झाली. कबूल केली. क्षमा मागितली. झालं का? मिटलं का?

तुम्ही म्हणाल, "बुवा, आणखी काय करायचं? माफी मागितली ना! आता काय जीव देऊ?" थांबा. जीव कुणी मागत नाही. ऐका तर खरं!

करंजघाट नावाचं गाव. गावाला वळसा घालून जाणारी मोठी नदी. पहाटे पाण्यावर असं धुकं उतरायचं, की पलीकडचा काठ आहे की नाही, तेच कळू नये. त्या धुक्यातून आधी वल्ह्याचा आवाज यायचा, मग नाव दिसायची. आणि अलीकडच्या काठावर, चिंचेखाली, रायाजी काचाऱ्याची भट्टी. काचेच्या बांगड्या करायचा हो! लालभडक काच सळईवर घ्यायचा, गरगर फिरवायचा, आणि बघता बघता विस्तवातून बांगडी जन्माला यायची. मोरपंखी, डाळिंबी, हिरवी!

पण मंडळी, जन्मली म्हणजे झाली का? नाही! भट्टीच्या कुशीत एक कोठडी होती. ताजी बांगडी तिथं गरम राखेत ठेवायची, तोंड मातीनं लिंपायचं आणि विस्तव हळूहळू कमी करत आणायचा. सगळं आपोआप गार झालं, की मगच उघडायचं. का? अहो, काच वरून लवकर निवते, आतून तापलेलीच राहते. घाईनं बाहेर काढली, तर दिसते छान, हसते छान — आणि पोटात ताण घेऊन बसते! कधी तडकेल, नेम नाही. आमच्यातही असतात तशी माणसं. नाव घेत नाही, शेजारी बसली असतील!

या रायाजीची एकुलती एक लेक बकुळा. पलीकडच्या काठावरचा भाना नावाडी, त्याच्यावर तिचं मन बसलं. जात वेगळी. बापाला विचारायची छाती झाली नाही. देवळात माळ घातली, आणि दोघं आशीर्वादाला दारात येऊन उभी राहिली.

रायाजीनं पाहिलं मात्र — भट्टीचा सगळा जाळ डोक्यात गेला! पुढं झाला, लेकीचा हात धरला, आणि दाराच्या चौकटीवर आपटला. बांगड्या! स्वतः केलेल्या, तिच्या हातात स्वतः भरलेल्या बांगड्या! खळ्ळकन फुटल्या. नवरा शेजारी जिवंत उभा, आणि बापानं लेकीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या! बायामाणसांनी तोंडावर पदर धरला. बकुळा रडली नाही. मनगटातून रक्त आलं, ते तिनं पदरानं पुसलं. आणि भाना? खाली वाकला, एकेक काच वेचली, ओंजळीत घेतली. कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. मग दोघं काठाकडं गेली.

दिवस गेले. पावसाळा आला. नदी फुगली. आणि एका दुपारी गावात हाकाटी झाली — भानाची नाव उलटली!

रायाजीच्या हातातली सळई गळून पडली. 'मी केलं! मी अपशकून केला! माझ्या हातानं लेकीचं कपाळ फोडलं!' धावत काठावर गेला, चिखलात गुडघे रुतले. तास गेला की युग गेलं, त्याला कळलं नाही. शेवटी पलीकडून हाक आली — "सापडला! भाना सापडला! जित्ता हाय!"

मग काय विचारता, मंडळी! पश्चात्ताप असा उसळला, की म्हाताऱ्याला दम धरवेना. भट्टी पेटवली. लेकीसाठी हिरव्या बांगड्या केल्या — आयुष्यात इतक्या सुंदर केल्या नव्हत्या! कोठडीत ठेवल्या, तोंड लिंपलं. आणि अर्ध्यातच माती फोडली!

बायको ठकूबाई ओरडली, "आवो, काय करताय? राख गरम हाय अजून!"

"लेकीला भेटायचंय मला!"

"मग भेटा की! बांगड्या र्‍हाऊ द्या."

कोण ऐकतो? हाताला सोसतील एवढ्या गार होताच धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि दुसऱ्याच्या नावेतून पलीकडं गेला. बकुळा दारात तांदूळ निवडत होती. म्हातारा पायरीशी बसला, हात जोडले.

"बकुळे, चुकलो मी. पदरात घे."

लेक हो शेवटी! तिच्या डोळ्यांना धार लागली. बापानं तिच्या हातात बांगड्या भरल्या. हिरवा उजेड मनगटावर खेळायला लागला. बाप हसला, लेक हसली. "बसा आबा, पाणी आणते," म्हणाली, आणि रांजणात हात घातला. गार पाणी!

टिक्.

एक आवाज. मग दुसरा. मग पावसाच्या थेंबांसारखे... टिक्, टिक्, टिक्. कुणी हात लावला नाही, कुणी आपटलं नाही. सगळ्या बांगड्या तिच्या मनगटावर आपोआप तडकल्या आणि रांजणाच्या तळाशी गेल्या.

बकुळा मोकळ्या हाताकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आबा, दुसऱ्यांदा."

"बकुळे, ती काच कच्ची—"

"जावा तुम्ही."

मंडळी, पहिल्यांदा रागानं फुटल्या. दुसऱ्यांदा प्रेमानं! सांगा, कुठलं जास्त लागलं असेल?

रायाजी घरी आला, भिंतीला टेकून बसला. "मी माफी मागितली की गं! पाय धरायचे राह्यले होते फक्त!"

ठकूबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "बांगडीला जेवढी सवड देता, तेवढी तरी पोरीला द्या."

पुढच्या बाजारच्या दिवशी रायाजी पहाटे काठावर जाऊन उभा राहिला. धुक्यातून भानाची नाव आली. भानानं सासरा पाहिला. नावाड्याचा धर्म, उतारूला नाही म्हणता येत नाही.

"कुठं जायचं?"

"पलीकडं."

पलीकडं गेल्यावर भाना म्हणाला, "उतरा."

"न्हाई. आता परत अलीकडं."

आला तसा परत गेला! लेकीच्या घराकडं पाऊल नाही, हाक नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा तसंच. गाव हसायला लागलं — काचारी हवा खायला जातोय! खाऊ दे की! आपण नाही का दुसऱ्याच्या घरची हवा खात!

असे महिने गेले. आधी दोघे गप्प असायचे. नुसतं पाणी, धुकं, आणि वल्ह्याचा आवाज. जणू नाव चालत नाहीये, दोन्ही काठच स्वप्नात सरकताहेत. मग एकदा नावेत पाणी साचलं, तेव्हा भानानं न बोलता कटोरा पुढं केला, रायाजी पाणी उपसू लागला. पुढं तो नेमच झाला. थंडी पडली. बकुळा नवऱ्याची भाकरी घेऊन काठावर यायची, बापाकडं न बघता वळायची. आणि एक दिवस फडक्यातून दोन भाकरी निघाल्या.

भाना पाण्याकडं बघत म्हणाला, "कुणासाठी, ते तिनं सांगितलं न्हाई. पन मला एकच पुरते."

रायाजीनं भाकरी खाल्ली. कण न् कण खाल्ला. घरी सांगितल्यावर ठकूबाईचाच धीर सुटला, "आता तरी जावा की तिच्या दारात!"

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "राख गरम हाय अजून."

उन्हाळा आला. नदी आटून शांत झाली. एका सकाळी नाव पलीकडं टेकली, आणि बकुळा काठावरून उतरून नावेत आली. जडावलेली होती. बापाच्या शेजारी फळीवर बसली. भानानं वल्हं उचलून धरलं. पाणी ठिबकत राहिलं.

"आबा," ती म्हणाली, "मला सातवा लागलाय. हिरव्या बांगड्या भरायच्यात. हात सुजलाय माझा, जुनं माप चालायचं न्हाई."

आणि तिनं हात पुढं केला.

त्या नदीकाठच्या साऱ्या बायकांचे हात त्यानं बांगडीच्या मापासाठी दाबून पाहिले होते. पण हा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. मनगटावर जुना वण होता. त्यावर त्याचा अंगठा थांबला.

"दुखतं का गं?"

बकुळेनं खोटं सांगितलं नाही. "दुखतं थोडं," ती म्हणाली. "हळू घ्या माप."

आणि त्यानं हळू घेतलं.

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. सुटका नाही! आज सकाळी भावाला टाकून बोलून इथं आलेला कुणीतरी बसलाय. घरी गेल्यावर 'चुकलं' म्हणेल, आणि लगेच विचारेल, "मग अजून तोंड का फुगलंय?" अरे, तू जाळ एका क्षणात लावलास, त्यानं निवायचं मात्र तुझ्या सोयीनं? माफी मागणं आपल्या हातात. ती कधी द्यायची, ते ज्याला लागलं त्याच्या हातात! आणि नुसतं घरी गप्प बसून राहणं म्हणजे वाट बघणं नव्हे हो. नावेत बसावं लागतं. पाणी उपसावं लागतं. हसणाऱ्यांना हसू द्यावं लागतं.

घरी जा. ज्याचं मन दुखवलंय, त्याच्या आसपास राहा, आणि घाई करू नका. तो देवसुद्धा आपल्यासाठी कधीचा उभाच आहे की! त्यानं कधी म्हटलं, "लवकर या"?

टाळ उचला, मंडळी. पण आज जरा हळू वाजवा.